सहा बावीसचा फोन

पूर येणार म्हटले की माणूस आधी आभाळाकडे बघतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत, एस्टेस पार्क नावाचे पर्यटकांचे गाव आहे. १५ जुलै १९८२ रोजी, गुरुवारी सकाळी, इथल्या लोकांना घरे-दुकाने सोडून उंचावर जायला सांगितले गेले तेव्हा वर स्वच्छ आकाश होते. येणारे पाणी पावसाचे नव्हतेच. गावापासून वीसेक किलोमीटर वर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ अकरा हजार फुटांवर, लॉन लेक नावाच्या तळ्यावर मातीचे एक धरण होते. उंची २६ फूट. आपल्याकडच्या एखाद्या लघु पाटबंधाऱ्याच्या तलावाची भिंत असावी तेवढे. मालकी खासगी, पाणी शेतीला आणि खालच्या शहराच्या नळांना. ते धरण त्या दिवशी पहाटे फुटले होते.

त्यात पाणी किती होते? ६७४ एकर-फूट. रोज वर्तमानपत्रात वाचतो त्या मापाने हे तीन शतांश टीएमसीसुद्धा भरत नाही. खडकवासल्यात मावणाऱ्या पाण्याचा साठावा हिस्सादेखील नाही. एवढ्याशा पाण्याने तीन माणसांचा जीव घेतला, खोलीएवढा धोंडा जागचा हलवला आणि एका गावाची भर हंगामातली बाजारपेठ चिखलाखाली घातली.

लहान धरण फुटले की चार दिवस बातमी होते आणि मग कागद बंद होतात. लॉन लेकचे तसे झाले नाही. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट जॅरेट आणि जॉन कॉस्टा हे दोघे दरीतून फिरले, खुणा मोजल्या, साक्षी घेतल्या आणि १९८६ साली त्या सकाळचा हिशेब प्रसिद्ध केला. म्हणून तासातासाने नव्हे, काही ठिकाणी मिनिटामिनिटाने ती सकाळ आज मांडता येते. मला ती मांडावीशी वाटते, कारण लहान धरणाकडे दुर्लक्ष करण्याची सवय कोलोरॅडोपुरती नाही.

एकोणऐंशी वर्षे आधी

लॉन लेक मुळात हिमनदीने कोरलेले नैसर्गिक तळे. पसारा सोळा एकरांचा. १९०३ साली त्याच्या तोंडाशी मातीचा भराव घालून ते सत्तेचाळीस एकरांपर्यंत फुगवले गेले. हे काम केले खालच्या सपाटीवरच्या शेतकऱ्यांच्या पाट कंपनीने, ‘फार्मर्स इरिगेशन डिच अँड रिझर्व्हॉयर कंपनी’ने. अशा कंपन्या पश्चिम अमेरिकेत आजही आहेत. भागधारक म्हणजे शेतकरीच. ज्याचा जेवढा भाग, तेवढे त्याला पाणी. खानदेशातली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातले मर्म लगेच कळेल. पाटाची डागडुजी, पाळ्या, भांडणे, सगळे आपापसांत.

कोलोरॅडोत पाण्याचा कायदा असा की ज्याने आधी पाणी उचलून उपयोगात आणले त्याचा हक्क आधी. १८७६च्या राज्यघटनेतच ते तत्त्व आहे. त्यामुळे डोंगरातले बर्फ मे-जूनमध्ये वितळून वाहून जाण्याआधी ते वरच अडवून ठेवणे आणि उन्हाळ्याच्या शेवटी नदीवाटे खाली सोडणे हा शेतकऱ्यांच्या जगण्याचा प्रश्न होता. या लोकांना लोभी म्हणता येणार नाही. घोड्यांवर सामान लादून त्या उंचीवर जाऊन धरण बांधणारी माणसे कष्टाळूच असणार.

१९१५ साली सभोवतालचा सगळा मुलूख ‘रॉकी माउंटन नॅशनल पार्क’ म्हणून राखीव झाला. डोंगर, झाडे, हरणे राष्ट्राची झाली. धरण आणि पाण्याचा हक्क मात्र कंपनीकडेच राहिला. लाखो लोक उद्यानात येत होते, दरीत तंबू टाकत होते, आणि त्यांच्या डोक्यावर दुसऱ्याच कोणाच्या मालकीचे पाणी टांगलेले होते. रस्ता तळ्यापर्यंत जात नव्हता. शेवटचे दहा किलोमीटर पायवाट. मोठे यंत्र वर न्यायचे म्हटले तर सोय नाही, आणि वर्षातले कित्येक महिने तर बर्फच.

एक सांधा

धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याची नळी जाते. तिला आपल्याकडे विमोचक म्हणतात. लॉन लेकच्या नळीवर एक झडप होती, आणि नळी व झडप जिथे जोडली होती त्या सांध्यात शिसे ठोकून भरलेले होते. त्या काळी पाण्याच्या नळांचे सांधे असेच भरत. शिसे मऊ असते, फटीत घट्ट बसते, पण त्यालाही वय असते.

झडप बंद असताना तिच्या तलावाकडच्या बाजूला सगळ्या तळ्याचा दाब असतो. तिथला सांधा सैल झाला की पाणी नळीतून बाहेर पडत नाही, ते मातीत शिरते. पहिल्यांदा अगदी थोडे. बाहेरून काही दिसत नाही. मग ते पाणी मातीचा कण उचलून पुढे नेते. कण गेला की वाट रुंद होते, वाट रुंद झाली की पाणी वाढते, पाणी वाढले की आणखी कण. अभियंते याला ‘पायपिंग’ म्हणतात. भरावाच्या आत दुसरी नळी तयार होते, मातीचीच, आणि ती माती खातच मोठी होते.

धरणावर काम केलेला जुना चौकीदार सांगतो की गळती दिसली म्हणून घाबरू नये, पाणी ओंजळीत घेऊन बघावे. स्वच्छ असेल तर धरण झिरपते आहे. गढूळ असेल तर धरण वाहून चालले आहे. पण त्यासाठी ओंजळ धरणारा कोणीतरी तिथे असावा लागतो. लॉन लेकवर राहता चौकीदार नव्हता. १४ जुलैच्या रात्री, बर्फाच्या पाण्याने भरलेल्या त्या तळ्याच्या भिंतीखालून येणारे पाणी कोणत्या रंगाचे होते हे पाहायला तिथे कोणी नव्हते.

पहाटे, साडेपाचच्या सुमारास

ही वेळ नंतर अंदाजाने ठरवलेली आहे. भरावातली पोकळी मोठी होत होत माथा खाली बसला आणि भिंतीला खिंडार पडले. तळाशी ५५ फूट रुंद, माथ्याशी ९७ फूट, खोली २८ फूट. एवढे मोठे भगदाड पडायला दहाएक मिनिटे पुरली असावीत असे तज्ज्ञांचे गणित आहे. पाण्याचा लोंढा कळसाला पोचला तेव्हा १८,००० क्युसेक होता.

१८,००० क्युसेक हा आकडा आपल्याला ओळखीचा वाटतो. पावसाळ्यात धरणांतून विसर्ग सुरू झाला की असे आकडे रोज कानावर पडतात. पण ते पाणी रुंद नदीपात्रात सुटते. इथे खाली होती रोअरिंग रिव्हर, म्हणजे गर्जणारी नदी. नाव मोठे असले तरी उडी मारून ओलांडावा असा डोंगरी ओढा. सात-आठ किलोमीटरच्या वाटेत ती जवळजवळ अडीच हजार फूट उतरते. लॉन लेकचे पाणी थोडे होते हे खरे. पण ते टांगलेले होते अडीच हजार फुटांवर. पाण्याचा धोका मोजताना आपण साठा विचारतो. उतार कोणी विचारत नाही.

लोंढ्याने पात्र खरवडले. काही ठिकाणी पाच फूट, काही ठिकाणी पन्नास. हिमनदीने हजारो वर्षांपूर्वी टाकून ठेवलेली माती आणि धोंडे, त्यावर वाढलेले पाइन आणि स्प्रूस, सगळे मुळासकट उचलून त्याने पुढे धरले. खाली पोचेपर्यंत ती पाण्याची लाट कमी आणि लाकूड, चिखल, दगड यांची चालती भिंत जास्त होती. उंची पंचवीस-तीस फूट.

या नदीच्या काठी दोन तरुण मित्र तंबू टाकून झोपले होते. आवाजाने एक जागा झाला, झाडांतून धावत सुटला आणि वाचला. दुसरा वाचला नाही. त्या सकाळचा तो पहिला बळी. तेव्हा अजून सूर्य नीट वर आलेला नव्हता, आणि दरीतल्या कोणालाही धरण फुटल्याचे माहीत नव्हते.

६ वाजून २२ मिनिटे

या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते ते इथे.

रोअरिंग रिव्हर डोंगरातून उतरून जिथे सपाटीला लागते तिथे लॉन लेकच्या पायवाटेची सुरुवात होते. तिथे कचऱ्याच्या पेट्या असतात. त्या रिकाम्या करायला एक माणूस रोजच्यासारखा पहाटे गाडी घेऊन आला होता. उद्यानाचा कर्मचारी नाही, धरण कंपनीचा नाही, पाटबंधारे खात्याचा तर नाहीच. कचरा उचलण्याचे कंत्राट असलेल्या एका संस्थेचा चालक. त्याने वरून येणारा आवाज ऐकला. विमानाचा असावा असा वाटणारा, पण न संपणारा. मग त्याने झाडे आणि धोंडे हवेत उडताना पाहिले.

पायवाटेच्या तोंडाशी आणीबाणीचा टेलिफोन होता. त्याने तो उचलला आणि उद्यानाच्या कार्यालयाला कळवले. नोंद आहे ६ वाजून २२ मिनिटांची.

फुटीला तेव्हा पाऊण तासाहून जास्त वेळ होऊन गेला होता. आणि गावात पाणी शिरायला अजून एक तास पन्नास मिनिटे होती. पुढे जे काही वाचले ते या एक तास पन्नास मिनिटांत वाचले. एका माणसाने पेट्या रिकाम्या करून गाडी वळवली असती, कोणीतरी कळवलेच असेल असे म्हटले असते, तर त्याला कोणी दोष दिला नसता. त्याचे ते कामच नव्हते. त्याने फोन उचलला. ज्यांचे काम होते त्यांच्यापैकी त्या घटकेला धरणावर कोणी नव्हते, हेही त्याच नोंदवहीत लिहायला हवे.

फोन तिथे होता, हेही विसरू नये. तारेने जोडलेला, चालू स्थितीतला, डोंगराच्या पायथ्याशी. कोणीतरी कधीतरी तो बसवला होता आणि चालू ठेवला होता.

साडेसहा ते साडेसात

आता कुरणाची गोष्ट. कोलोरॅडोतल्या डोंगराळ भागात ‘पार्क’ म्हणजे बाग नाही. डोंगरांमधली मोकळी, सपाट, गवताळ जागा. रोअरिंग रिव्हर जिथे फॉल नदीला मिळते तिथे असे एक मोठे कुरण आहे, हॉर्सशू पार्क. नदी तिथे घोड्याच्या नालेसारखी वळणे घेत संथ वाहते.

उतारावरून धावत आलेला लोंढा या सपाटीत आला आणि पसरला. वेग गेला की पाणी हातातले ओझे टाकते. त्याने जवळजवळ बेचाळीस एकरांवर दगड, वाळू आणि लाकूड यांचा पंखा पसरला. काही ठिकाणी तो ४४ फूट जाड होता. त्यातला एक धोंडा १४ फूट बाय साडेसतरा फूट बाय २१ फूट मापाचा. वजन सुमारे ४५० टन. या गाळाने खुद्द फॉल नदीच अडवली आणि सतरा एकरांचे एक नवे तळे तयार झाले. सकाळी जिथे गवत होते तिथे न्याहारीच्या वेळी तळे होते.

कुरणाने पाण्याचे दोन तुकडे केले म्हणा. दगड स्वतःकडे ठेवले आणि पाणी हळूहळू पुढे सोडले. आत येताना हजारो क्युसेकचा जो उसळता लोंढा होता, तो बाहेर पडताना ७,२१० क्युसेकवर आला. उतारावरून धावत आल्यानंतर इथे वेळ गेला, आणि तो वेळ खालच्या लोकांना मिळाला. नदीला पसरायला मोकळी जागा ठेवा असे नदीवर काम करणारे लोक कंठशोष करून सांगतात. तिचा उपयोग काय असतो, हे हॉर्सशू पार्कने त्या सकाळी एका तासात दाखवले.

त्या तासात रेंजर गाड्या घेऊन निघाले होते. रस्ते बंद करायचे, दरीतल्या लोकांना उठवायचे, खालच्या गावच्या पोलिसांना कळवायचे. कुरणाच्या खाली, फॉल नदीच्या काठी, अ‍ॅस्पनग्लेन नावाचे तंबूंचे मैदान होते. जुलैचा मध्य, सुट्ट्यांचा हंगाम. तंबूंत मुलाबाळांसह कुटुंबे. रेंजर तंबू-तंबू फिरून लोकांना वर पाठवू लागले.

सकाळच्या उन्हात, शांत ओढ्याकाठी, नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाला ‘पूर येतोय, पळा’ म्हणून सांगणे सोपे नसते. पाऊस नाही, ढग नाहीत, ओढ्याला पाणीही फारसे वाढलेले नाही. तरीही बहुतेक लोक उठून गेले.

त्याला एक कारण आहे. सहा वर्षांपूर्वी, ३१ जुलै १९७६ रोजी, याच गावाच्या खालच्या अंगाला बिग थॉम्पसन नदीच्या अरुंद दरीत ढगफुटीचा पूर आला होता. एका रात्रीत १४४ माणसे गेली. त्यांतली पुष्कळ गाडीने दरीबाहेर पळण्याच्या प्रयत्नात मेली. गाडी सोडून कड्यावर चढली असती तर वाचली असती. त्यानंतर कोलोरॅडोच्या दऱ्यांमध्ये रस्त्याच्या कडेला पाट्या लागल्या, पूर आल्यास वर चढा असे सांगणाऱ्या. त्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला पूर या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

७ वाजून ४२ मिनिटे

कुरण आणि अ‍ॅस्पनग्लेन यांच्यामध्ये आणखी एक भिंत होती. कॅस्केड धरण. काँक्रीटचे, १७ फूट उंच, साठा जेमतेम १२ एकर-फूट. एफ. ओ. स्टॅन्ली नावाच्या उद्योजकाने, वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणाऱ्या स्टॅन्ली बंधूंपैकी एकाने, एस्टेस पार्कमध्ये मोठे हॉटेल बांधले, आणि १९०९ साली त्याला वीज मिळावी म्हणून फॉल नदीवर छोटे वीजघर उभे केले. त्या वीजघराला पाणी पुरवायला हे धरण.

कुरणातून संथावलेले पाणी त्याच्यामागे तुंबत गेले. मग माथ्यावरून वाहू लागले. चार फुटांहून जास्त जाडीचा पाण्याचा थर भिंतीवरून जात असताना, सात बेचाळीसला, ती भिंत उलथून पडली. कुरणाने ७,२१० पर्यंत उतरवलेला प्रवाह क्षणात पुन्हा १६,००० क्युसेक झाला.

इथे पुण्याच्या वाचकाच्या मनात जे येईल तेच माझ्याही मनात आले. १२ जुलै १९६१. पानशेतचे मातीचे धरण, काम अपुरे, विमोचकावरचा भराव खचत गेलेला. आणि त्याचे पाणी खाली आल्यावर गेलेली खडकवासल्याची जुनी दगडी भिंत. वरचे मातीचे, खालचे पक्क्या बांधकामाचे, दुखणे विमोचकापाशी. पानशेतचे पाणी कित्येक पटींनी जास्त होते आणि पुण्याचे नुकसान तर तुलनेपलीकडचे. पण मांडणी तीच. नदीवर एकाखाली एक धरणे असली की खालच्याची ताकद त्याच्या स्वतःच्या साठ्यावर ठरवून चालत नाही. वरचे फुटले तर काय, हा प्रश्न त्याला विचारावा लागतो. कॅस्केडला तो विचारला गेला होता असे त्या सकाळी तरी दिसले नाही.

अ‍ॅस्पनग्लेनमधून लोक वर गेले होते. कॅस्केड फुटण्याआधी नदी तिथे फारशी भीतिदायक वाटत नव्हती. तंबूत सामान राहिले होते. दोघी जणी ते घ्यायला परत गेल्या. त्या परत वर आल्या नाहीत. त्या दिवसाचे दुसरे आणि तिसरे बळी.

त्यांना मूर्ख ठरवणारे लिखाण मी वाचले की मला राग येतो. पूर एकदा उतरू लागला की उतरतोच, हे आयुष्यभराचे शिकलेले असते. पाण्याने मध्येच दुसरी भिंत पाडून नवा श्वास घ्यावा हे कोणत्याही माणसाच्या अनुभवात नसते. ते माहीत असायला हवे होते धरणांची नोंद ठेवणाऱ्यांना.

८ वाजून १२ मिनिटे

गावाला आता अर्धा तास उरला होता आणि गाव तो वापरत होते. पोलीस आणि अग्निशमन दलाचे लोक नदीकाठ रिकामा करत होते, स्थानिक रेडिओ सूचना देत होता. काठावरच्या मोटेलांतून, लाकडी कुट्यांतून प्रवासी बाहेर पडून चढावर जाऊन उभे राहिले.

आठ बारा. पाणी आले ते एल्कहॉर्न अ‍ॅव्हेन्यूने, गावाच्या मुख्य रस्त्याने. नदीचे पात्र अरुंद, पुलांखाली ओंडके अडकलेले. पाण्याला रस्ताच सोयीचा होता. आइस्क्रीमची दुकाने, स्मृतिवस्तूंची दुकाने, कपड्यांची दुकाने. भर हंगामात माल भरून ठेवलेली. त्यांतून कंबर-छातीएवढे तपकिरी पाणी गेले. सोबत कुट्यांचे तुकडे, गॅसच्या टाक्या, मोटारी. नदीकाठच्या काही कुट्या आपल्या पायावरून उठून वाहत खाली आल्या. वाटेत स्टॅन्लीचे वीजघरही निकामी झाले. त्यातली जनित्रे पुन्हा कधी फिरली नाहीत.

१७७ व्यवसायांचे आणि १०८ घरांचे नुकसान झाले. एकूण हानी ३ कोटी १० लाख डॉलर, त्या वेळच्या किमतीने. गावातले माणूस मात्र एकही गेले नाही.

गावाच्या खाली लेक एस्टेस हा मोठा जलाशय आहे, १९४९च्या ऑलिंपस धरणाचा. त्याची क्षमता लॉन लेकच्या साडेचारपट. सगळा चिखल, सगळे ओंडके आणि सगळे पाणी त्याने पोटात घेतले. १९७६ साली ज्या दरीत १४४ जण गेले, ती दरी त्याच्या लगेच खाली सुरू होते. या वेळी ती कोरडी राहिली.

दुपारनंतर, आणि पुढची वर्षे

दुपारी लोक फावडी घेऊन परत आले. चिखल दुकानांत गुडघाभर साचला होता.

राज्याच्या मुख्य अभियंत्यांच्या कार्यालयाने कारण शोधले. निष्कर्ष असा की नळी आणि झडप यांच्या सांध्यातले शिसे झिजून निकामी झाले, तिथून गळती सुरू झाली आणि तिने भराव आतून पोखरला. वादळ नाही, भूकंप नाही, घातपात नाही. चालू स्थितीतले, वर्षानुवर्षे भरणारे आणि रिकामे होणारे धरण एका जुन्या सांध्यामुळे गेले.

त्या कंपनीच्या शेतकऱ्यांना खलनायक करावे असे मला वाटत नाही. पण पाणी हे त्यांच्या हिशेबात उत्पन्न होते, आणि त्या पाण्याचा धोका कोणाच्याच वहीत नव्हता. तो होता खालच्या तंबूंत झोपलेल्यांचा, एल्कहॉर्न अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानदारांचा. त्यांनी त्या धरणाचे नावही फारसे ऐकले नसेल. खासगी मालकीच्या धरणाचा पेच नेमका इथे आहे. दुरुस्तीचा खर्च मालकाच्या खिशातून जातो आणि दुरुस्ती टाळल्याची किंमत दुसऱ्याच्या अंगणात वसूल होते. या दोन गोष्टी एकाच माणसासमोर ठेवायचे काम कायद्याचे आणि तपासनिसाचे. तो तपासनीस दहा किलोमीटर चढून, मातीवर गुडघे टेकून गळतीकडे बघणारा असावा लागतो.

लॉन लेकचे धरण पुन्हा बांधले गेले नाही. त्याच राष्ट्रीय उद्यानात आणखी काही उंचावरच्या तळ्यांवर अशीच जुनी धरणे होती: ब्लूबर्ड, पेअर, सँडबीच. पुढच्या काही वर्षांत उद्यान प्रशासनाने ती ताब्यात घेऊन पाडली. ब्लूबर्डचे काँक्रीट आणि लोखंड तर फोडून हेलिकॉप्टरने उचलून खाली आणावे लागले, कारण तिथेही रस्ता नव्हता. चार माणसांनी बसून एक सांधा वेळेवर बदलायला जे जड गेले असते, त्याहून हे किती जड.

एस्टेस पार्कने बाजारपेठ पुन्हा उभारताना नदीकडे पाठ करून बसलेली दुकाने नदीकडे तोंड करून वळवली, काठाने पायवाट केली. सप्टेंबर २०१३मध्ये कोलोरॅडोत कित्येक दिवस पाऊस कोसळला तेव्हा रोअरिंग रिव्हरने १९८२चा दगडांचा पंखा पुन्हा उकरला, वरचा रस्ता आणि पायवाट मोडली. मोकळा पडलेला गाळ लवकर जागेवर बसत नाही.

लॉन लेकपर्यंतची पायवाट आजही आहे. वाटेत रोअरिंग रिव्हरच्या दोन्ही बाजूंना उघडे पडलेले उंच, पिवळट कडे दिसतात. तिथली माती अजून सुटत असते. वर पोचले की तळे भेटते, १९०३च्या आधी होते तेवढे, सोळा एकरांचे. खाली हॉर्सशू पार्कमध्ये धोंड्यांच्या पंख्यावर उन्हाळ्यात मुले चढतात, पाण्यात पाय सोडून बसतात, आणि त्यांचे आईबाप शेजारच्या वाहनतळावर गाडी लावून डबे उघडतात.